झोक्याच्या फांदीवरचा होला

होला हा पक्षी मला आधीपासूनच पटत नाही. बाकीची पाखरं निदान मेहनत तरी करतात. सुगरण विणते, शिंपी पान शिवतो, बुलबुलसुद्धा वाटीएवढं का होईना, गोल घरटं करून घेतो. हा गडी चार काड्या आणतो, त्यातल्या दोन खाली पाडतो, उरलेल्या दोन आडव्या-उभ्या टाकतो आणि झालं याचं घर. खालून बघितलं तर आतली अंडी दिसतात. वर दिवसभर घुमत बसतो, जसा काही मोठा पराक्रमच केला आहे. धुळ्याच्या आमच्या घरापुढे बाग म्हणावी एवढी जागा आहे. लिंबू आहे, शेवगा आहे, जास्वंद आहे, कंपाउंडवर मधुमालती पसरली आहे. एवढं सगळं सोडून त्याला कडुनिंबाची तीच एक आडवी फांदी सापडावी, याला काय म्हणायचं?

त्या फांदीवर मला अक्काचा झोका बांधायचा होता.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, आता सत्तरीला आली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं सासर. कोरडवाहू शेती, पाऊस देईल तेवढं पीक. लग्न झाल्यापासून दर आखाजीला ती माहेरी यायची. आमच्या खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि आखाजीला लेकीबाळींनी माहेरी यायचं, निंबाला झोका बांधायचा, गाणी म्हणत झोके घ्यायचे, ही रीतच आहे. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी चुकत नाही. नरडाण्याजवळ आमचं गाव. घरापुढे निंब होता. आबा, म्हणजे आमचे वडील, दरवर्षी स्वतः दोर बांधायचे आणि आधी स्वतः बसून बघायचे. आबा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी एसटीच्या डेपोत कंट्रोलर होतो. गाड्या लागायच्या-सुटायच्या वेळा पुकारण्यात आयुष्य गेलं, पण आखाजीला रजा टाकून गावी जायचो आणि झोका बांधायचो. अक्काचे केस पिकले, सुना आल्या, तरी ती झोक्यावर बसायचीच.

तीन वर्षांपूर्वी मी ते गावचं घर विकलं. धाब्याचं घर, बंद पडलेलं, दर पावसाळ्यात एकेक कोपरा खाली येत होता. शेजारच्याला जागा हवी होती. मी निवृत्त झालेलो, उठून तिकडे कोण राहायला जाणार होतं? कागदपत्रांची अडचण नव्हती. आबा गेल्यावर अक्कानं तहसिलीत येऊन हक्कसोड दिलं होतं, आमच्याकडे सगळ्याच बहिणी देतात. मी तिला साडी नेसवली, तिनं सही केली, विषय तिथेच संपला होता. घरासोबत निंबही गेला. नव्या मालकानं तो तोडून तिथे पत्र्याचं शेड टाकलं.

त्यानंतर अक्का आखाजीला आलीच नाही. भांडली नाही, बोलली नाही. फोन केला की म्हणायची, “ऊन भलतं शे, भाऊ.” आता खान्देशात आखाजीला ऊन नसतं तर काय हिमालय असतो? सत्तेचाळीस उन्हाळे त्याच उन्हातून आलेली बाई. दुसऱ्या वर्षीही तेच. मी मनाशी ठरवून टाकलं की बाई झोक्यासाठी रुसली आहे. लहानपणापासून तशीच हट्टी. मग मी तिला सांगायला सुरुवात केली की इथे धुळ्यालाही निंब आहे, प्लॉट घेतला तेव्हापासूनचा आहे, गवंड्याला मीच हात लावू दिला नव्हता, एक फांदी अशी सरळ आडवी आहे की जणू झोक्यासाठीच वाढली. दर फोनला हेच. बायको म्हणायची, फांदीचं सोडून दुसरं काहीतरी बोला ना हो तिच्याशी. पण मी काय मध्येच सोडणारा माणूस नाही.

आणि यंदा होळीनंतर अक्काचाच फोन आला. “आखाजीले येसू. झोका बांधी ठेव.”

एवढंच बोलली आणि ठेवून दिला. मी त्या दिवशी संध्याकाळी दोनदा चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन चांगला जाड दोर आणला. सुताराकडून बसायला सागाची पाटली करून घेतली, कडा घासून घेतल्या, कारण अक्का नऊवारी नेसते आणि लाकडाचं कुसळ लागलं की नऊवारीचं वाटोळं होतं. गुढीपाडव्याला गुढी उभारून झाली आणि म्हटलं शिडी लावलेलीच आहे तर फांदी तपासून घेऊ. वर गेलो. जिथे दोर बसणार, बरोबर त्या बेचक्यात होली, म्हणजे होल्याची मादी, बसलेली. माझं डोकं तिच्यापासून हातभर अंतरावर. ती फडफडून उडाली आणि खाली दोन पांढरी अंडी.

मी काड्यांना हात घालणार, एवढ्यात खालून बायकोचा आवाज आला. उतरा खाली, म्हणाली. पाडव्याच्या दिवशी, गुढीसमोर, पाखराचं घर मोडता का? आता माझी बायको आयुष्यभर माझ्याशी आवाज चढवून बोललेली नाही आणि त्या दिवशीही बोलली नाही. पण शिडी तिनं धरलेली होती. मी उतरलो.

तेवढ्यात कंपाउंडपलीकडून भाभीजींचं डोकं वर आलं. भाभीजी म्हणजे आमच्या शेजारणी. मूळ राजस्थानचं जैन कुटुंब, तीन पिढ्यांपासून धुळ्यात कापडाचं दुकान. बाई देवमाणूस, त्याबद्दल वाद नाही. पण रोज सकाळी आमच्या दोघांच्या कंपाउंडवर ओंजळ-ओंजळ ज्वारी टाकतात, आणि होले आमच्या दारात आले ते त्या ज्वारीमुळेच. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या की भाईसाब, तुमचं पुण्य मोठं, म्हणून जीव तुमच्या दारी आला. घ्या! ज्वारी यांची, पुण्य माझं, आणि झोक्याचा पत्ता नाही.

मग मी हिशेब मांडला, दिवसांचा. मोबाइलवर बघितलं, शिवाय डेपोतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याला पाखरांचा नाद आहे. त्यानं सांगितलं, अंड्यातून पिल्लू निघायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लू उडून जायला आणखी दोन. पाडव्यापासून आखाजी महिन्याभरावर. म्हणजे आखाजीच्या तीन-चार दिवस आधी फांदी मोकळी. गाडी वेळेवर आहे, म्हटलं, उगाच कशाला बोंबलायचं? मी दोर गुंडाळून माळ्यावर ठेवला. आधीच बांधून ठेवला असता तरी उन्हानं कडक झाला असता.

पण पाखरू वर बसलं म्हणजे घरात माणसांनी कसं राहायचं याचे कायदे निघाले. निंबाखाली स्कूटर लावायची नाही, हॉर्नने ती दचकते. पाइपने झाडांना पाणी मारायचं नाही, बादलीने घालायचं. कुरडया निंबाच्या सावलीजवळच्या खाटेवर घालायच्या होत्या, त्या गच्चीवर गेल्या आणि त्यांच्यासोबत टोपल्या वाहायला मीही गेलो. सगळ्यात कहर म्हणजे कूलर. आमचा कूलर निंबाकडच्या खिडकीत आहे, जुना आहे, घरघर करतो. बायको म्हणाली, होली त्या आवाजाने उठून जाते, मी स्वतः बघितलं. मग दुपारी कूलर बंद. धुळ्यात, एप्रिलमध्ये! दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही अशा गावात मी ओला पंचा डोक्यावर टाकून पंख्याखाली बसतो, आणि बाहेर ती चार काड्यांवर शांतपणे डोळे मिटून बसलेली. कपाळ माझं! भाभीजी दिवसातून तीनदा चौकशीला यायच्या. माझ्या सासूच्या आजारपणातही इतक्या वेळा कुणी आलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी बायको हिरमुसल्या तोंडाने आत आली. कावळ्यानं दोन्ही अंडी नेली होती. निंबाखाली एक टरफल पडलेलं. भाभीजींनी त्या दिवशी दुपारपर्यंत पाणी घेतलं नाही म्हणे. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरं वाटलं. तोंडावर मी काही दिसू दिलं नाही, चुकचुकलोसुद्धा, पण दुपारी कूलर लावून जो आडवा झालो तो पाच वाजता उठलो.

आणि इथेच मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्याच दिवशी वर चढून त्या काड्या काढून टाकायला हव्या होत्या. पण बायकोचं तोंड बघवेना. म्हटलं दोन दिवस जाऊ द्यावे. दोनाचे चार झाले. पाचव्या दिवशी गॅस सिलेंडरवाला येऊन गेला, सहाव्या दिवशी माझी दाढ दुखायला लागली. दाढेला लवंग धरून बागेत गेलो तर वर होली बसलेली. त्याच फांदीवर, त्याच काड्यांवर. शिडी लावली. दोन अंडी. कावळ्यानं नेल्याला आठवडा झाला नव्हता, तिथेच परत घातली होती. अक्कल नावाची गोष्ट देवानं या पाखराला दिलीच नाही. सहकाऱ्याला फोन केला तर तो हसला. म्हणाला, त्यांचं असंच असतं, जिथे मोडलं तिथेच मांडतात.

बोटं मोजली. पिल्लं निघणार आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी. उडणार आखाजीनंतर दहा-अकरा दिवसांनी. म्हणजे ऐन आखाजीला फांदीवर पिसं न फुटलेली पिल्लं. दोराचा एक झटका बसला की खाली.

मी दुसरा उपाय शोधू लागलो. घरात छताला कडी आहे, पण पंख्याच्या शेजारी, झोका घेतला की डोकं पंख्यात. लिंबाची फांदी मनगटाएवढी. राहिला शेवगा. शेवग्याची फांदी भरवशाची नसते हे खान्देशातलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. पण चिडलेल्या माणसाला माहीत असलेलं उपयोगी पडत नाही. जाड दिसली म्हणून दोर टाकला, आबांसारखा आधी स्वतः बसून बघितलं. पहिल्या झोक्याला काही झालं नाही. दुसऱ्या झोक्याला मी, पाटली, दोर आणि शेवग्याची फांदी सगळे एकदमच जास्वंदीत. कंबर धरून उठलो. होली निंबावरून बघत होती. ती उठलीसुद्धा नाही. कूलरच्या आवाजाने उठते आणि माझ्या पडण्याच्या आवाजाने उठत नाही! आठ दिवस कंबर शेकण्यात गेले. बायकोनं मोडलेल्या फांदीच्या शेंगांची आमटी केली.

एकदा सकाळी बायको आंघोळीला गेली असताना मी वर चढलो होतो. छोटी टोपली घेतली होती. घरटं अलगद उचलून टोपलीत ठेवायचं आणि टोपली चार हात पलीकडच्या फांदीला बांधायची, असा बेत. सहकारी म्हणाला होता, बहुतेक ते परत येत नाहीत, करू नकोस. तरी गेलो. हात जवळ नेला. वाटलं, उडेल. ती उडाली नाही. चोच मारली असती, पंख आपटले असते तरी मी राग धरून उचललं असतं. पण ती नुसती बसून राहिली, छातीचं वर-खाली होत होतं तेवढंच. मला तिची दया आली असं समजू नका. मला इतकी चीड आली की हात मागे घेतला आणि टोपली खाली फेकली. अरे, भांड तरी माझ्याशी!

शेवटी मंडप-डेकोरेटरकडून लोखंडी झोका आणला. चौकटीवरचा, लग्नात नवरा-नवरीला बसवतात तसला, प्लास्टिकच्या फुलांच्या पाकळ्या अजून गजांवर चिकटलेल्या. अंगणात ठेवला. दहा वाजल्यापासून तो इतका तापायचा की हात लावला तर चटका बसायचा. हलवला तर करकरायचा, आणि तो आवाज झाला की बायको खिडकीतून बघायची. तेव्हा तोही हलवायचा नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी अक्काची गाडी दुपारी दीडला लागली. मी डेपोत एक तास आधीच जाऊन बसलो होतो. ती उतरली, हातात पिशवी, पिशवीत स्वतःच्या शेतातले तीळ आणि मूग. पूर्वीपेक्षा वाळलेली दिसली. स्कूटरवर मागे बसवून आणली तर सबंध रस्ताभर मी बोलतच होतो, होला, कावळा, शेवगा. ती हूं हूं करत होती. वाऱ्यात तिला ऐकू तरी गेलं का कोण जाणे.

घरी आली, पाय धुतले, पाणी प्यायली आणि म्हणाली, “मना झोका कोठे शे?”

मी लोखंडी झोक्याकडे बोट केलं. तिनं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मग मी तिला निंबाखाली नेलं आणि वर दाखवलं. फांदीवर होली बसलेली, पोटाखाली पिल्लांची हालचाल कळत होती. मला माझी बाजू मांडायची होती. चाळीस वर्षं उशिरा येणाऱ्या गाड्यांची कारणं पुकारलेला माणूस मी, कारण सांगायला मला कोण हरवणार? पाडव्यापासून सगळं सांगितलं. किती दिवस कूलर बंद ठेवला. कसं बादलीनं पाणी घातलं. सहकाऱ्याला किती फोन केले, मोबाइलवर काय काय वाचलं. बायकोला विचारलं, शेजारच्या भाभीजींना विचारलं, डेकोरेटरलासुद्धा विचारलं की चौकट निंबाला टेकवली तर फांदी हलेल का. बायको बाजूला उभी राहून मान डोलवत होती. भाभीजीही कंपाउंडवरून म्हणाल्या की भाईसाबनी खरंच फार केलं. मला वाटलं, आता अक्का म्हणेल, जाऊ दे रे भाऊ, पाखराचा जीव मोठा.

अक्का बराच वेळ वर बघत राहिली. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरलेला होता. मग हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “या चार काड्यास्ले हात लावाना पहिले तू सगळास्ले इचारं. आबानं घर तू इकं तव्हय माले एक डाव तरी इचारं व्हतं का?”

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी गप्प बसणारा असतो तर काय पाहिजे होतं? मी म्हणालो, “तू हक्कसोड दिलं होतं ना अक्का. सही केली होतीस.”

“सही दिधी म्हनीसन सांगानंबी नही का?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. लगेच पुढचं सांगून टाकलं, जसं काही ते सांगायलाच ती आली होती. नरडाण्याला एका लग्नात कुणा बाईनं तिला विचारलं की तुमचं घर विकलं म्हणे. चार बायका बसलेल्या. अक्काला काहीच माहीत नव्हतं. “मी सांगं, हां, माले मालूम शे,” अक्का म्हणाली. “भाऊनं माले इचारीसनच इकं.”

भाभीजी कंपाउंडवरून खाली उतरून निघून गेल्या. बायको आत गेली. मी निंबाखाली उभा. तीन वर्षं मी झोका झोका करत होतो. आणि ही बाई चार बायकांत माझी अब्रू झाकून, ते पोटात घेऊन तीन वर्षं घरी बसली होती. ऊन भलतं शे म्हणत होती. मला स्वतःचा राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगतो, थोडा तिचाही राग आला, की बाई, मला फोनवर चार शिव्या तरी द्यायच्या होत्यास! त्या सकाळी टोपली घेऊन होलीसमोर उभा होतो तेव्हा आला होता, तसलाच राग.

दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. अक्कानं सगळं केलं. आबांच्या नावानं घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबे ठेवले, हळद-कुंकू लावलं. आम्ही दोघांनी मिळून पूजा केली. बायकोनं खापरावर पुरणपोळ्या केल्या. अक्कानं आमरस-पोळी खाल्ली, पोळीचं कौतुक केलं, बायकोला वाटीत पुन्हा रस वाढला. दुपारी कॉलनीतले लोक पत्ते खेळायला बोलवायला आले, आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना सूट असते, पण मी गेलो नाही. वाटलं, आता बोलावं. अक्का खाटेवर आडवी झाली होती, पदर तोंडावर. मी दोनदा खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तर ती उठून पिशवी भरत होती. लोखंडी झोक्यावर कुणीच बसलं नाही. सागाची पाटली कोनाड्यात होती. अक्कानं ती हातात घेतली, घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत जागेवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभा राहून मी तिकिटाचं, पाण्याच्या बाटलीचं, शिरपूरला गाडी कुठल्या फलाटावर लागेल त्याचं बोलत राहिलो. गाडी सुटली.

पिल्लं आखाजीनंतर अकराव्या दिवशी उडाली. सहकाऱ्यानं सांगितलं होतं तसंच, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. एक कंपाउंडवर जाऊन बसलं, दुसरं लिंबात. भाभीजींनी साखर वाटली. मी त्याच संध्याकाळी शिडी लावली, काड्या काढल्या. मोजल्या, चार नव्हत्या, अठरा होत्या. फांदीला दोर बांधला, पाटली अडकवली आणि स्वतः बसून बघितलं. फांदी हललीसुद्धा नाही. बायको दारातून बघत होती. म्हणाली, वरातीमागून घोडं. आणि मग थोड्या वेळानं म्हणाली, आता तरी फोन करा तिला, आणि नीट बोला.

मी आत जाऊन फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं. अक्का, माझं चुकलं, एवढे तीनच शब्द. तिनं फोन उचलला, हां भाऊ म्हणाली, मागे बकऱ्या ओरडत होत्या. आणि मी म्हणालो, “अक्का, पाखरं उडाली. झोका बांधला आहे. ये.”

पलीकडे बकऱ्या ओरडतच होत्या. अजून वेळ होता, फोन चालू होता.

“ऊन भलतं शे, भाऊ,” अक्का म्हणाली.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ आलेलं होतं. शिरपूरकडे तर काळंच होतं.